बूच हातात धरणारी नलू

रोहन, ईशा, तुमची नलूआजी गेल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा ईशाने विचारलं होतं, “ती फॅक्टरीतून का निघाली होती?” तेव्हा घरात माणसं होती, मी विषय बदलला. आता सगळे पांगलेत, म्हणून लिहिते.

नलू माझी धाकटी जाऊ. बाजवा गावाच्या बाजूला औषधांचा कच्चा माल बनवणारी एक फॅक्टरी होती, तिच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. मांजलपूरहून लूनावर जायची. बाटलीचं काचेचं बूच ती कधी टेबलावर ठेवत नसे. ते दोन बोटांच्या बेचक्यात धरायचं, त्याच हाताने बाटली उचलून ओतायचं आणि लगेच जिचं बूच तिलाच लावायचं. पुढे तुमच्या वेळी घरीही तेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कोकम आणि लिंबाच्या सरबताच्या बाटल्या उघडून बसलात की ती मागे उभीच.

“बूच खाली ठेवलंस? आता ते ओट्याचं झालं. धू.”

“नलूआजी, सरबत आहे गं नुसतं!”

“आज सरबत आहे. हात तोच राहणार आहे, गाढवा.”

ती नोकरीत होती त्या वर्षांत फॅक्टरीचा माल पहिल्यांदाच परदेशी जायचा होता. ट्रक दारात उभा आणि नलूच्या तपासणीत नमुना दुधाळ झाला, म्हणजे माल अशुद्ध. तिने तीच रसायनं नुसत्या शुद्ध पाण्यात घालून पाहिली. पाणी स्वच्छ राहिलं. पुन्हा माल घातला, पुन्हा दूध. तिचे साहेब म्हणजे आमच्या अविनाशचे, तिच्या नवऱ्याचे, मित्र. नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. ते गोडीत गुजरातीत म्हणाले, “बेन, बूच टेबल पर मूक्युं हशे, बाटली बगडी गई. भूल तो थाय. लखी आपो ने.” म्हणजे बूच टेबलावर ठेवल्याने बाटली बिघडली, चूक माझी, असं तिने लिहून द्यायचं.

“बाटली बिघडली असती तर साधं पाणीही दुधाळ झालं असतं, साहेब,” ती म्हणाली. तिने लिहून दिलं नाही.

संध्याकाळी अविनाश माझ्यासमोर तिच्यावर ओरडला, “एक ओळ लिहायला काय जातं तुझं? मला त्याला तोंड दाखवायचंय!” नलू कणीक मळत होती. “मी बूच खाली ठेवलं असं मी लिहू? मी?” एवढंच म्हणाली... 

माल दुसऱ्याच्या सहीने गेला. नलूला पॅकिंगमध्ये लेबलं चिकटवायला बसवलं. तिने नोकरी सोडली, तर जिथे अर्ज करावा तिथे आधीच पोचलेलं असायचं, की या बाईंच्या हाताला स्वच्छता नाही. नंतरची सगळी वर्षं तिने वाडीतल्या मुलांना घरी शिकवण्यात काढली. त्या मुलांना ती आवडायची. पण प्रयोगशाळेत ती पुन्हा उभी राहिली नाही.

तेराव्याला ते साहेब आले. तिच्याच खोलीत, तिच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि हळहळून म्हणाले, “बेननुं काम एटले काम! एवा चोख्खा हाथ में जोया नथी.” इतके स्वच्छ हात पाहिले नाहीत म्हणे. अविनाश मान हलवत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, “हे तेव्हा लिहून द्यायचं होतं.” साहेबांनी कप खाली ठेवला आणि उठले.

ते गेल्यावर अविनाश मला म्हणाला, “वहिनी, दारी आलेल्या माणसाला असं बोलतात का? झालं गेलं ते... आता पेपरच्या पुरवणीत नलूवर लिहिणार म्हणताय ना, तर तेवढं फॅक्टरीचं गाळा.”

तिच्याकडून एक खोटी ओळ लिहून घ्यायला निघाला होता. आता माझ्याकडून खरी गाळून घ्यायला आला होता. मी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हेच पत्र पुरवणीला दिलंय. त्याच्याकडे पेपर सकाळी येतो. तुमच्यासाठीचा अंक मी पोस्टाने पाठवते आहे.

ईशा, नलूने बूच खाली ठेवलं नव्हतं.