अस्तर लावलेली कातडी

रुग्णालयाच्या कपडेखोलीत मामांनी सव्वीस वर्षं चादरी आणि गाऊन शिवले, पण नाव झालं ते कातडीमुळे.

टाके शिकवायला परदेशातून येणारी नकली कातडी परवडेना, म्हणून सर्जरीच्या सरांनी मामांना विचारलं, जमेल का? मामांनी खाली फोम, वर पातळ रबर चिकटवून वहीएवढा तुकडा करून दिला. विद्यार्थी त्यावर चिरा देत आणि शिवत. पण दोरा जरा जोरात ओढला की रबर फाटे, आणि तुकडा दुसऱ्याच दिवशी परत. परत आलेलं काम शिंप्याच्या जिव्हारी लागतं. मामांनी रबराखाली मच्छरदाणीच्या कापडाचं अस्तर लावलं. सांगितलं कुणालाच नाही. अस्तर ही काय सांगायची गोष्ट? तुकडे महिनाभर टिकू लागले. सरांना वाटलं, पोरांचा हात सुधारला. पोरांनाही तेच वाटलं. असं सगळ्यांचं चार वर्षं छान चाललं.

मग मामांची ऐंशीची आई न्हाणीघराच्या पायरीवर पडली. नडगीवरची कातडी पाकिटासारखी उघडली. अपघात विभागात ड्यूटीवर जी तरुण डॉक्टर होती, ती मामांच्याच तुकड्यांवर परीक्षेत पहिली आलेली.

"मामा, आजींची काळजी सोडा," ती हसून म्हणाली. "तुमच्याच कातडीवर शिकलेय."

मामांना अस्तर आठवलं.

इंजेक्शनने पाय बधिर झाला. पहिला टाका पडला. तिने सवयीने गाठ आवळली आणि दोरा ओल्या कागदातून यावा तसा कातडी कापत बाहेर आला. वय झालंय ना, असं पुटपुटत तिने सुई जखमेच्या कडेपासून जरा लांब टोचली. आईला काहीच जाणवत नव्हतं. ती एवढंच विचारत होती, की टाके मला आहेत की याला, हा का असा पांढराफटक पडलाय?

बोललं तर निवृत्तीच्या तोंडावर तोंड काळं. न बोललं तर आईच्या पायाच्या चिंध्या. डॉक्टरने दोरा पुन्हा बोटाला गुंडाळला.

"ओढू नका," मामा म्हणाले. "माझ्या तुकड्यांना आतून अस्तर आहे. आईला नाही."

तिचा हात तिथेच थांबला. कसलं अस्तर, कधीपासून, कुणाला माहीत आहे, हे तिने विचारलं आणि मामांनी फरशीकडे बघत सांगितलं. तिने दोरा कापला, वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला. मग ओल्या बोळ्याने कातडी हळूहळू जागेवर सरकवली आणि कागदी चिकटपट्ट्यांनी धरून ठेवली. आता ती प्रत्येक पट्टीआधी थांबून बघत होती. मघाशी थांबत नव्हती.

पाय बरा होईल, ती म्हणाली. हातमोजे काढताना तिने विचारलं, "चार वर्षांत किती जण शिकलो आम्ही?"

तुकडे मामांनीच कापले होते, प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक. दोनशे चाळीस. त्यांतले बरेच जण आता कुठल्या कुठल्या गावी, कुणाच्या तरी आईपुढे बिनधास्त सुई घेऊन बसले असतील.

"सरांना तुम्ही सांगताय की मी?"

"आईकडे जरा बघा," मामा म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. सरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती.