धुरपताबाईंचा हात

नाव मयुरी, वय एकतीस, राहणार बोरगाव मेघे, जिल्हा वर्धा. व्यवसाय: कंपन्यांच्या संकेतस्थळांचे रूपांकन, स्वयंरोजगार. शिक्षण नागपूर येथे पूर्ण. वर्तणूक समाधानकारक, मात्र निळ्या रंगाबाबत (घरावरील झेंडा वगळून) मत प्रतिकूल, आणि हस्तांदोलन करणाऱ्या दोन गोऱ्या पुरुषांचे छायाचित्र दिसल्यास सदर व्यक्ती चिडते.

सदर व्यक्ती बारा महिने चिडलेलीच असते, कारण ते दोघे गोरे सगळीकडे उभे आहेत. कंपनी बियाण्यांची असो की सिमेंटच्या पायपांची. मागे पृथ्वीचा गोल, वर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, खाली चिरंजीव वयाच्या क्रमाने. आपल्याकडे वेबसाइट म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स, चौकातून काढून फोनमध्ये लावलेला.

नाचणगावजवळच्या एका जिनिंग कंपनीचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, मालक सदाशिवराव यांनी मात्र तिला सांगितलं की एकदम हटके पाहिजे. मयुरीने ते खरं मानलं. हटके म्हणजे नेहमीचंच, फक्त जरा मोठ्या अक्षरांत, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं.

ती चार दिवस कारखान्यात जाऊन बसली. तिथे ढिगापाशी बायका कापसातला पालापाचोळा आणि कवडी, म्हणजे डागी कापूस, हाताने निवडून काढतात. त्यांत धुरपताबाई सगळ्यांत जुन्या. बोटं भेगाळलेली, नखांत चुरा, आणि तळहातावर पांढराशुभ्र कापूस. मयुरीने तोच फोटो घेतला. अख्खं काळं पान, त्यावर पडदाभर हात, खाली एकच ओळ: हा कापूस या हाताने निवडला आहे. बाकी काही नाही. धुरपताबाईंना विचारलं तेव्हा त्या लाजून हो म्हणाल्या, आणि आठवडाभरात आपला हात परदेशात दिसणार असल्याचं सगळ्या गल्लीला सांगून मोकळ्या झाल्या.

सदाशिवरावांनी पान पाहिलं आणि संस्थापक वडील कुठे गेले म्हणून विचारलं. वडिलांची सोय दुसऱ्या पानावर केल्याचं कळल्यावर त्यांनी लॅपटॉप मुलाकडे वळवला. चिरंजीव नीलेश पुण्याला शिकून आलेला, म्हणजे त्याला यातलं कळत होतं.

"हात चालते मॅडम," तो म्हणाला. "पण थोडा साफ पाह्यजे. एक्सपोर्टवाले पाहून राह्यले ना."

"कोणता भाग घाण वाटते तुम्हाले? बोट ठेवून सांगा."

नीलेशने बोट ठेवलं नाही. हसला. मयुरीला वाटलं, आपण जिंकलो.

दसऱ्याला तिथे वजनकाट्याची पूजा होते आणि नव्या हंगामाची कापूस-खरेदी सुरू होते. या वर्षी काट्यावर लॅपटॉप ठेवला. त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, फीत कापली, आणि सगळ्या कामगारांसमोर मोठ्या पडद्यावर वेबसाइट उघडली. काळं पान तेच. ओळ तीच. हात मात्र एका गोऱ्या बाईचा, विकतच्या फोटोतला, नखं गुलाबी. या हाताने जन्मात कापूस निवडलेला नव्हता, पण टाळ्या त्यालाच पडल्या.

धुरपताबाई नवं पातळ नेसून पुढे बसल्या होत्या. आजूबाजूच्या बायकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे. धुरपताबाईंनी हात पदराखाली घेतले. कार्यक्रम संपल्यावर मयुरीपाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "पोरी, माहा खराब होता तं आधीच सांगाचं होतं ना."

मयुरीने पेढा तसाच टेबलावर ठेवला आणि घरी गेली. वेबसाइटचा पासवर्ड तिनेच बनवला होता. फोटो बदलणाऱ्या नीलेशला तो बदलायचं सुचलं नव्हतं. संध्याकाळच्या आत तिने धुरपताबाईंचा हात परत लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत जाऊन सुनेच्या फोनवर उघडून दाखवला. बायका दारात गोळा झाल्या. धुरपताबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

पुढे एका सूतगिरणीच्या खरेदीदाराने बोलता बोलता भेगाळलेल्या बोटांची तारीफ केली, तेव्हा कंपनीने आपली वेबसाइट उघडून पाहिली. मयुरीला लेटरहेडवर पत्र आलं: "आपण आमच्या अधिकृत संकेतस्थळावर विनापरवाना मजूर वर्गाचा हात प्रदर्शित केला. संकेतस्थळावर आमचे सातत्याने लक्ष असल्यामुळे सदर बाब तत्काळ निदर्शनास आली असून हात हटविण्यात आला आहे."

हात सत्तेचाळीस दिवस तिथे होता.