चौथ्या दाराची बाई

बोर्डिंग पास देणाऱ्या काउंटरवर तिची तेवीस वर्षं गेली होती. त्याआधी ती विमानात होती, केबिन क्रूमध्ये. मुलगी झाली आणि ती जमिनीवर आली. तरी दर वर्षी सुरक्षेची परीक्षा देत राहिली. पाण्यात उडी मारायची, धुरातून रांगायचं, 'पट्टे सोडा, इकडे या' असं घसा बसेपर्यंत ओरडायचं. या वयात कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायची, "सवय."

संपाचा तिसरा दिवस होता. मुलगी विमानतळाच्या फाटकाबाहेर पाटी धरून बसली होती. तीही आता क्रूमध्ये. विमानाचं दार लागल्यापासूनच आमचे पगाराचे तास का धरता, त्याआधी दोन तास उभं राबतो ते काय हौसेनं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आत रांग हलत नव्हती. बायका बॅगांवर बसल्या होत्या. एक गृहस्थ काउंटरवर बोटं वाजवत म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरींना संपाला आमचाच दिवस सापडला?"

"पोरी माझ्या नाहीत," ती म्हणाली, आणि थबकली. "एक आहे."

त्यांच्यामागे एक सुतार होता. हत्यारांची पेटी सामानात टाकलेली, खिशात कामाचा कागद. उद्या सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. सकाळपासून त्याने हे तिला तीनदा सांगितलं होतं. आवाज एकदाही न चढवता.

बाराला मॅनेजर आला. "मावशी, तिघी मिळाल्या. विमानाला चार दारं, चार बायका लागतात. चौथं नाव तुमचं टाकलंय."

"मला विचारलंत कधी?"

"परीक्षा पास आहात ना? घोषणासुद्धा झाली."

झालीच होती. रांग उठून उभी राहिली. सुताराने पहिल्यांदाच पाण्याची बाटली उघडली.

तिने मागच्या खोलीत जाऊन मुलीला फोन लावला. पलीकडे संपाचे नारे चालू होते. चौथं नाव आपलं टाकलंय, हे तिने सांगितलं.

"आई, आम्ही एकेक बाई मोजली होती. कंपनीला तीनच मिळणार, हे पक्कं होतं. तू ध्यानातच आली नाहीस गं कुणाच्या."

"तुझ्यासुद्धा?"

"माझ्यासुद्धा."

"मग काय करू?"

"मी नाही सांगणार. उद्या भाजी करपली तरी मलाच ऐकवशील."

फोन ठेवून ती बसून राहिली. तेवीस वर्षं ती कुणाच्याच मोजणीत नव्हती, आणि आज एका दुपारी दोन्ही बाजूंची मोजणी तिच्यावरच अडली होती. गेली, तर संप मोडेल, फाटकावरच्या सगळ्या हात हलवत घरी परततील. नाही गेली, तर हा सुतार. तिसरं काही निघतं का, हे तिने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. निघालं नाही.

मॅनेजरला सांगून ती रांगेसमोर आली. "विमान जाणार नाही. चौथी मी होते. मी जात नाहीये."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सगळे एकदम बोलू लागले.

"लाज वाटत नाही?" बोटं वाजवणारे गृहस्थ म्हणाले.

"वाटते."

पुढची तिकिटं ती एकेकाला उभ्यानेच करून देत राहिली. सुताराला परवाचं मिळालं. तो म्हणाला, "मग निदान लिहून द्या. मुकादमाला दाखवीन."

कंपनीच्या छापील पत्रात कारण आधीच होतं: तांत्रिक अडचण. तिने ते खोडलं. वर लिहिलं: क्रूचा संप चालू आहे. चौथी बाई मी होते, मी चढायला नकार दिला. या माणसाची काही चूक नाही. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली.

त्याने सावकाश वाचलं. "यानं जागा राहील?"

"माहीत नाही."

"तुमची?"

"तेही नाही."

त्याने कागद पुन्हा एकदा वाचला, चार घड्या घातल्या. आभार मानले नाहीत. "नाव नीट लागत नाहीये," तो म्हणाला. "मुकादम विचारेल. काय म्हणायचं?"

तिने सांगितलं. त्याने ते एकदा म्हणून पाहिलं.