जयवंताची फर्माशी शिलाई

आंजीच्या बसथांब्यासमोर जयवंताबाईच्या दुकानावर पाटी आहे : 'फर्माशी शिलाई'. पाटी रंगवणाऱ्याने दोनदा विचारलं म्हणे, 'फॅशन शिलाई' लिहू का? हल्ली फर्मास म्हणजे चहा नाहीतर भजी, एवढंच लोकांना ठाऊक. पण जयवंताचा बाप तानबा बाजारात बंड्या शिवायचा, तेव्हा गिऱ्हाइकाने सांगावा आणि त्याच्याचसाठी करावा तो माल फर्माशी. फर्माशी बंडी, फर्माशी जोडा, फर्माशी पलंग. अशी वस्तू चांगलीच निघायची, म्हणून पुढे चांगल्यालाच फर्मास म्हणू लागले. जयवंता मात्र जुन्या अर्थाला धरून आहे.

ती नुसतं उभं करून माप घेत नाही. कापूस वेचणारीला वाकायला लावते, मास्तरणीला भिंतीवर लिहायला लावते. मला म्हणाली, "ताई, तुमी बोलतानी हात लय झटकता. बगलेत कापड जास्त सोडा लागते." मी रागावले. ब्लाउज मात्र आजतागायत उसवला नाही.

माझा धाकटा भाऊ प्रभाकर वर्ध्याच्या कचेरीतून बडेबाबू म्हणून निवृत्त झाला आणि वर्षभरात लकव्याने त्याचा उजवा हात गेला. जन्मभर कडक इस्त्रीत वावरलेला माणूस. आता शर्ट त्याची बायको सरिता घालून देते. मुलीचं, पौर्णिमाचं, लग्न ठरलं तेव्हा हा म्हणतो, "मी विहारात येत नाई. बायकोनं लेकरासारखा नटवलेला बाप लोकायले काऊन दाखवू?" पौर्णिमा रडली नाही. "बाबा येतील तेव्हाच लग्न," म्हणाली आणि खोलीत गेली. तीही त्याचीच मुलगी.

मी त्याचा एक जुना पांढरा शर्ट उचलला आणि जयवंतापुढे टाकला. असाच शिव, फक्त सैल.

तिने तो तसाच परत सरकवला. "हे माप लकव्याच्या पयलेचं हाय. ज्याले घालाचं, त्यालेच पाहू द्या."

"तो कोणापुढे येत नाही."

"मंग मलेच यावं लागन."

आली. "जयभीम, भाऊ. शर्ट घालून दाखवा." प्रभाकर भिंतीकडे बघत बसला. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "ताई, तुमी चहा ठेवा." मला असं कोणी सांगत नाही. गेले.

चहा घेऊन आले तर जयवंताने आपला उजवा हात ओढणीने कमरेशी बांधून घेतलेला, आणि प्रभाकरचाच शर्ट ती डाव्या हाताने चढवून राहिली होती. डोकं आत अडकलेलं. प्रभाकर बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"पयले लुळा हात घाला लागते. इतकं बी समजत नाई?"

"मले काय समजते, भाऊ. तुमी सांगा."

मग तासभर तो सांगत होता, कचेरीत हाताखालच्यांना सांगायचा तसा. कुठे अडतं, कोणतं बटण छळतं. शेवटी अट घातली, "समोरून शर्टच दिसला पायजे. दवाखान्याचा झगा नको."

"हे झालं फर्माशी," जयवंता म्हणाली आणि हात सोडला.

शर्ट तिने उजव्या बाजूने बाहीपासून कमरेपर्यंत उघडा ठेवला आणि कडांना दाबली की बसणारी, ओढली की चर्र करून सुटणारी चिकटपट्टी लावली. समोरची बटणं नुसती दिसायला. गळ्यापाशी तेवढं उघडतं. स्वतःचा हात बांधून दहा-बारा वेळा तिने तो घालून पाहिला, दोनदा उसवला.

लग्नाच्या सकाळी जयवंताही घरी आली. प्रभाकरने खोलीचं दार आतून लावलं. सरिता कडीला हात लावून उभी. मी तिला बाजूला ओढलं. आतून चर्र आवाज आला. पट्टी चुकली होती. थोड्या वेळाने परत चर्र. सरिता कुजबुजली, "जाऊ का आत?" मी म्हटलं, "उभी राहा." तिसऱ्यांदा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही.

दार उघडलं. पांढरा शर्ट, कॉलर ताठ, लुळा हात बाहीत सरळ. पौर्णिमा पांढऱ्या साडीत पुढे झाली आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. जयवंताचं लक्ष मात्र शिवणीवर.

प्रभाकर तिला म्हणाला, "कॉलर अर्धं बोट सैल हाय."

"उद्या दुकानात पाठवून द्या, भाऊ."

"पाठवत नाई," तो म्हणाला. "घालूनच येतो."