स्टोव्ह पेटला की खिडकी बंद

मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीच्या खोलीला एकच खिडकी होती आणि स्टोव्ह पेटला की ती लावून घ्यायची, हा सासूबाईंचा कायदा. वाऱ्याने वाती फडफडतात, ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात. पंखा तर त्याहून मोठा गुन्हेगार. ऐन मे महिन्यात मी दार-खिडकी लावून पोळ्या लाटायचे. उशीला, केसांना, चहालासुद्धा रॉकेलचा वास. माहेरी उमेळ्याला आमची चूल मागच्या पडवीत होती, धूर निघाला की वाडीतल्या केळींत जायचा. इथे धूर आणि मी, दोघंही आतच.

गॅससाठी लग्नाच्या वर्षीच नंबर लावला होता. तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. एजन्सीचं पोस्टकार्ड येणार, मुदतीत रेशनकार्ड घेऊन गेलं नाही तर आपला नंबर पुढच्याला. मला दागिना नको, साडी नको, खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक करायचाय, असं मी ह्यांना सांगायचे आणि हे हसायचे. सकाळी डबा घेऊन मुंबईला निघून जाणाऱ्या माणसाला हसायला काय जातंय!

सासूबाई मात्र गॅसचं नाव काढलं की गप्प. "भडका उडतो गो," एवढंच म्हणायच्या. रॉकेल आणायचं काम त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. गाडी येणार असं कळलं की आदल्या दिवशीच रेशनच्या दुकानासमोर डबा ठेवून यायच्या, त्यावर खुणेचा दगड. दुसऱ्या सकाळी धुतलेलं लुगडं, अंबाड्यात अबोली. रॉकेलच्या रांगेला अबोली! गाडी दुपारी येवो नाहीतर येऊच नये, त्या उन्हं कलल्यावरच परतायच्या.

अशाच एका सकाळी त्या रांगेत गेल्या असताना मी नव्या वाती घालायला वातींचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी घडी घातलेलं एजन्सीचं पोस्टकार्ड होतं. मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तशीच रॉकेलच्या हातांनी दुकानाकडे निघाले.

लांबूनच हसणं ऐकू आलं. दुकानाच्या पायरीवर सासूबाई मधोमध बसल्या होत्या, भोवती पाच-सहा म्हाताऱ्या, प्रत्येकीचा डबा रांगेत. एकीने त्यांच्या हातावर घावन ठेवलं होतं. सासूबाई काहीतरी नक्कल करत होत्या आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. घरी इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही असं हसताना बघितलं नव्हतं.

माझ्या हातातलं कार्ड दिसलं आणि त्या थांबल्या. मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, "फाडायचा धीर नाय झाला. गॅस घेतला की रेशनकार्डावर शिक्का मारतात, रॉकेल बंद होतं."

"मग होऊ दे ना, आई!"

"मग मी घराबाहेर पडू कशाला?"

तरी दुसऱ्याच दिवशी मी एजन्सीत जाऊन शिक्का मारून घेतला. त्यांची दया येत होती, पण माझाही जीव गुदमरत होता.

गॅस आला. मी खिडकी सताड उघडली, ती दिवसभर उघडीच ठेवू लागले. सासूबाई तिच्याखालीच बसून तांदूळ निवडायच्या. साधारण महिन्याने एका सकाळी खालून डब्यांचा खडखडाट आणि बायकांचे आवाज आले, "चला गं, गाडी आली!" सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, उठल्या आणि खिडकी लावून घेतली.

"वारा येतो गो," त्या म्हणाल्या.

बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. मी पोळी उलटली. त्या दिवशी खिडकी उघडायचा मला धीर झाला नाही.