इंद्राणीचा हात कोणी धरायचा

लालमती गावची कुसुमावती आत्या तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. नवरा लवकर गेला, तशी ती भावाकडे, इंद्राणीच्या बापाकडे, बलरामकडे, परत आली आणि घरामागच्या तुकड्यात भाजी लावू लागली. रविवारी ब्रेदच्या, म्हणजे पालेभाजीच्या, जुड्या टोपलीत भरून ती पहिल्या बसने फ्लाकच्या बाजाराला निघायची. टोपलीवरून कंडक्टर कुरकुरला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. कोथिंबिरीचा वास आला की इंद्राणीला अजून ती बस आठवते आणि हसू फुटतं.

त्या बसमध्ये ती पहिल्यांदा बसली चौऱ्याहत्तर साली, नऊ वर्षांची असताना. त्याआधीच्या सुट्टीत ती त्रियोलेला जयराममामाकडे राहायला गेली होती. आईचा थोरला भाऊ, गावात मानाचा माणूस. त्याने तिच्यावर अत्याचार केला, वर बजावलं की तुझं कुणाला खरं वाटणार नाही. घरी आल्यावर पोर बोलेनाशी झाली. नजर लागली असेल म्हणून आईने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका सगळ्या घराला लागला, पोर मात्र गप्पच.

आत्याने काही विचारलं नाही. रोज दुपारी जुड्या बांधायला नुसतं शेजारी बसवून घेतलं. अशीच एका दुपारी, मान खाली घालून, मुलीने सगळं सांगून टाकलं. आत्याच्या हातातली जुडी सुटली, पण तिचा आवाज चढला नाही.

"तू खरं बोलतेस, मला ठाव हाय," ती म्हणाली. "तुजी काय चूक नाय. पा पेर, पोरी, भ्यायचं नाय. मी हाय."

एवढंच. पण एवढं ऐकायला त्या पोरीचा जीव किती आसुसला होता!

बलरामला कळलं तसा तो ऊस तोडायचा कोयता घेऊनच निघाला. आत्याने त्याला दारात अडवलं. "तू तुरुंगात गेलास तर हिला बाप कोन?" मग त्याने जयरामला निरोप धाडला की या अंगणात पाय ठेवायचा नाही, आणि बलराम जिवंत होता तोवर जयरामने तो ठेवला नाही. आई, पुष्पा, मुलीला पोटाशी धरून रडली; भावाला मात्र अवाक्षर बोलली नाही. त्या गप्प बसण्याचा राग इंद्राणीने पुढे कितीतरी वर्षं मनात धरला.

बाकी ती वर्षं बाजाराची, आणि काय गोड वर्षं! वांगी, भेंडी, ओल्या मातीचा वास, शेजारच्या मासळीवालीने हळूच हातात दिलेली चिंच. एका रविवारी आत्या पाणी प्यायला गेली आणि गिऱ्हाईक निघून चाललं, तेव्हा इंद्राणी एकदम ओरडली, "ब्रेद! ताजी ब्रेद!" सगळा बाजार वळून बघायला लागला. आत्या परत आली ती डोळे पुसत, आणि दोष दिला कांद्यांना. काही दुपारी पोर अजून दचकायची. तेव्हा आत्या काम बाजूला सारून नुसती जवळ बसायची.

इंद्राणी शिकली, शाळेत मास्तरीण झाली. व्हाकोआच्या सत्यदेवचं स्थळ आलं, तेव्हा होकार देण्याआधी तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझा होकार आहे. पुढे तू म्हणशील तसं."

लग्न शहाऐंशी साली झालं. बलराम तेव्हा हयात नव्हता. नवरीला मंडपात मामाने आणायचं, ही रीत. पुष्पाला वाटलं, इतकी वर्षं झाली, पोर विसरली असेल. मामाशिवाय नवरी कशी निघणार? तिने भावाला आमंत्रण धाडलं. नव्या कोटात जयराम दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

इंद्राणी पाटावरून उठली नाही.

"आये, ह्याच्या हाताला मी हात लावनार नाय," ती म्हणाली. "मला आत्या नेल, नायतर मी जानारच नाय."

बायकांनी तोंडावर पदर घेतले. विधवेने नवरीला शिवायचं? आत्या तर सकाळपासून मागच्या पडवीत मोठ्या डेगीतली भाजी ढवळत होती, कुणाच्या शुभकार्यात आपली सावली नको म्हणून. बाहेर मंडपात भटजी घाई करत होते. इंद्राणीने आईकडे पाहिलं. आता आई गप्प राहिली तर सगळंच संपलं, असं तिला वाटलं.

पुष्पा उठली. ती भावासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तू जा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तू काय केलंस ते मला तवाच ठाव होतं, तरी बोलले नाय. आता माज्या पोरीला तुजा हात लागायचा नाय. जा."

जयराम कुणाकडे न बघता फाटकाबाहेर पडला. पुष्पा पडवीकडे वळली. "वन्सं, हात धुवा नि या. पोरीला न्या."

आत्या आली ती मसाल्याचे हात लुगड्याला पुसत, "अगं, लोक काय म्हनतील," असं पुटपुटत. पण तिने हात धरला तो घट्ट. मंडपाकडे चार पावलं पडली असतील, तेवढ्यात आईने भीतभीत इंद्राणीचा दुसरा हात धरला. इंद्राणीने तो धरू दिला.