बगलेतली बाटली

आमचे हे गणिताचे मास्तर. स्वादुपिंडाला जबर सूज आली आणि पुढे महिनाभरानं पोटात पाण्याची हीऽ मोठी पिशवी तयार झाली. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि जठरातून त्या पिशवीत नळी बसवून दिली. साचलेलं वाहून जाऊ लागलं, ह्यांना आराम पडला आणि लगेच नर्सबाईंच्या चुका काढणं सुरू झालं. ताप आला नाही तर परवा घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ह्यांनी पंखा बंद करायला सांगितलं. मे महिन्यात, सोलापुरात! वर चादर मागितली. मी नर्सला बोलावलं, तर बगलेत लावलेलं थर्मामीटर नॉर्मलच्याही खाली. तिनं दुसरं आणलं, तर तेही तेच दाखवायला लागलं! माढ्याहून भावाला बघायला आलेल्या नणंदबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "एवढा गार माणूस मी जित्ता बघितला न्हाय."

नर्स गेल्यावर मी चादर नीट करायला वाकले, तर बाही ओलीचिंब. बगलेत फ्रीजमधली पाण्याची बाटली! मास्तरांचा हिशेब चुकला होता, जरा जास्तच वेळ धरली होती. कपाळ मात्र तव्यासारखं तापलेलं.

"कुणाला सांगू नकोस," हे म्हणाले. "परत ती दुर्बीण घशात घालतील."

पाढा चुकला की पोरांना बाकावर उभं करणारा हा माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि संतापही आला. मी तशीच जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

नळी तुंबली होती, आत पू झाला होता. रात्रभर थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. परत दुर्बीण. आत नेताना ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर बाकड्यावर बसून मी देवाला म्हटलं, जन्मभर अबोला धरू दे, पण परत येऊ दे.

ताप उतरल्यावर शाळेतले सहकारी भेटायला आले. हे उशीला टेकून सांगत होते, "मला आतून कळलंच, नळी तुंबलीय. मीच डॉक्टरांना बोलावलं की."

नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं बोलायला का होईना, माणूस होता.